गावातला आरोग्याचा अभ्यास : तुम्ही वारंवार विचारता ते प्रश्न

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड, भिवापूर, कुही, रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांतल्या गावांत आम्ही आरोग्याच्या अभ्यासांचं काम करतो. ओसरीवर, ग्रामसभेत आणि सगळ्यात जास्त म्हणजे रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅपवर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही डॉक्टर लोक ना? मग तपासता अन् गोळी न देताच कसे जाता?

आमच्यातले दोघं-तिघं डॉक्टर आहेत, बाकीचे नाहीत. शिबिर आणि अभ्यास यांत गल्लत होते आणि त्यात तुमची चूक नाही. दोन्हीकडे तीच सतरंजी, तेच बीपीचं यंत्र, तोच पांढरा कोट. शिबिरात तुमच्या त्रासावर इलाज होतो. अभ्यासात एकच प्रश्न घेऊन शेकडो घरांत तो त्याच पद्धतीने विचारला जातो, म्हणजे एखादा त्रास किती लोकांना आहे, कशामुळे आहे आणि कोणता उपाय खरंच लागू पडतो ते कळतं.

अर्थात, समोर धोका दिसत असताना फॉर्म भरत बसायचं नाही हा नियम आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली आलं किंवा कुणाचा वरचा बीपी १८० च्या पुढे गेला, तर पेन खाली ठेवून आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन. गरज पडली तर गाडीत घालून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांत.

२. अभ्यासाचा गावाला काय फायदा? कागद तर तुमचेच छापून येतात.

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि त्या रागाला कारण आहे. कित्येक गावांतून माहिती गेली ती परत आलीच नाही. आमच्याबद्दलचा किस्सा १३व्या प्रश्नात सांगितला आहे.

पण फायदा झाल्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यातल्या फार थोड्यांची आधी कधी तपासणी झाली होती. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन, एवढंच सरकारी कागदावर होतं. पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकडून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली गेली. बाळ धाप टाकतंय का, अंग गार पडलंय का, दूध ओढतंय का, हे त्या बघायच्या. त्या गावांत महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलं. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज बाळंतपणानंतर तुमच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, बाळाचं वजन करतात. २०११ पासून देशभर सुरू झालेल्या या भेटींमागे गडचिरोलीतला तो अभ्यास आहे. म्हणजे फायदा होतो, पण त्याला वर्षं लागतात, आणि पहिल्या गावाला तो शेवटी मिळावा हे बरोबर नाही.

३. एवढं रक्त कायले घेता? विकता का?

सगळ्यात जुना प्रश्न. सिकलसेल (आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, १०वा प्रश्न बघा) किंवा हिमोग्लोबिनच्या पक्क्या तपासणीला जांभळ्या टोपणाच्या नळीत साधारण २ मिलिलीटर रक्त लागतं. चहाच्या चमच्यात ५ मिलिलीटर मावतं, म्हणजे अर्ध्या चमच्यापेक्षा कमी. मोठ्या माणसाच्या अंगात जवळजवळ ५ लिटर रक्त असतं. पण आकडे सांगून कुणाची भीती जात नाही, हे आम्ही कधीचंच शिकलो. आता सुई काढण्याआधी रिकाम्या नळीत खुणेपर्यंत कुंकवाचं पाणी भरतो आणि ते बशीत ओततो. बशीचा तळसुद्धा झाकत नाही. आजीबाई वाकून बघतात, “इतकंच व्हय?” म्हणतात आणि हात पुढे करतात.

विकण्याबद्दल : एवढ्याशा रक्ताला कुणी गिऱ्हाईक नाही, आणि नळीत रक्त गोठू नये म्हणून रसायन असतं, ते कुणाला चढवताही येत नाही. उरलेल्या रक्ताचं काय होतं हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. एक तर नष्ट करतात, नाही तर पुढच्या तपासणीसाठी साठवतात. साठवायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. त्या एका ओळीला “नाही” म्हणूनही बाकी अभ्यासात राहता येतं.

४. सही केली म्हणजे अडकलो का? मधात सोडता येते का?

येतं. कारण सांगायची गरज नाही. “आता नाही जमत” एवढं पुरे. सोडलं म्हणून आरोग्य केंद्रातलं औषध, अंगणवाडीचा आहार किंवा आशाताईंचं येणं बंद होत नाही. कुणी तसं धमकावलं तर आम्हाला कळवाच, आणि संमतीपत्रावर नीतिमत्ता समितीचा जो फोन क्रमांक असतो तिथेही कळवा. ही समिती आमच्या अभ्यासाला परवानगी देते आणि थांबवूही शकते. तिच्यात डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि वैद्यकाशी संबंध नसलेला सामान्य माणूसही असावा लागतो. अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचा असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात.

वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण त्या वेळी आमच्या टीममध्ये नसलेला साक्षीदार हजर पाहिजे आणि पूर्ण कागद मोठ्याने वाचून झाला पाहिजे. संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहते. ती चुलीत घालू नका.

५. सरपंचांनी ग्रामसभेत हो म्हटलं. मग घरोघरी पुन्हा काय विचारता?

सरपंच गावात शिरायची परवानगी देऊ शकतात. तुमच्या दंडात सुई टोचायची परवानगी त्यांच्या हातात नाही. पोलीस पाटलांच्या नाही, सासूबाईंच्या नाही, नवऱ्याच्याही नाही. सज्ञान बाईच्या रक्ताची संमती ती बाईच देते. घरच्यांशी बोलून सांगते म्हणाली, तर आम्ही दुसऱ्या दिवशी परत येतो. ग्रामसभा तरी आधी घ्यायची ती अशासाठी, की संध्याकाळी अनोळखी माणूस दारात दिसला तर कुत्रं सोडायच्या आधी नाव तरी माहीत असावं.

६. पोराची आई हो म्हणते, पोरगा नाही म्हणतो. तेव्हा कुणाचं ऐकता?

पोराचं. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती लागतेच, पण सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकारही घ्यावा लागतो. लहानांचा तोंडी चालतो, बारा वर्षांपुढच्यांचा लेखी. आईने पकडून ठेवलेल्या रडत्या पोराचं रक्त आम्ही अभ्यासासाठी घेत नाही. इलाजासाठी लागणारी तपासणी ही वेगळी गोष्ट. तिथे डॉक्टर आणि पालक ठरवतात.

७. अर्धा दिवस जातो, रोजी बुडते. पैसे देता का?

बुडालेली रोजी आणि येण्या-जाण्याचा खर्च देता येतो. रक्कम नीतिमत्ता समिती ठरवून देते आणि ती मुद्दाम माफक असते. पैशासाठी कुणी आपला आजार लपवून भाग घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. व्यवहारात मात्र आम्हाला वाटतं, की धान कापणीच्या दिवसांत कोणतीही रक्कम कमीच पडते, त्यापेक्षा सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला येणं बरं. मे महिन्यात तर तसंही दुपारी ना तुम्ही दार उघडता ना आमच्यात चालायची ताकद असते.

८. खरं सांगा, आमच्यावर प्रयोग करता ना? अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी?

काही अभ्यासांत होय, तसंच असतं, आणि ते आधी सांगावंच लागतं. कुणी सांगितलं नाही तर तो अभ्यास बेकायदा.

खोटी गोळी कशासाठी, हे एका उदाहरणाने बघा. बाळ दिवसांआधी जन्मू नये म्हणून पहिलटकरणींना रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची का, हा प्रश्न होता. भारतासह सहा देशांत ११,९७६ महिलांवर अभ्यास झाला. नागपूर परिसरातल्या बायकाही त्यात होत्या. निम्म्यांना ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी गोळी. कुणाला कोणती हे ना त्यांना माहीत, ना देणाऱ्यांना. २०२० मध्ये निकाल आला : मुदतीआधी होणारी बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. फरक दीड टक्क्याचा. सगळ्यांनाच ॲस्पिरिन दिली असती, तर तो गोळीमुळे पडला, त्या वर्षीच्या पिकामुळे की आशाताईंच्या जास्तीच्या फेऱ्यांमुळे, हे कुणाला सांगता आलं असतं?

आणखी एक, कारण हे फार कमी सांगितलं जातं. प्रसूतिकळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस द्यावा का, हे २९ हजारांवर महिलांमध्ये तपासलं गेलं. त्यातही नागपूर होतं. २०२३ च्या निकालात आईला रक्तात जंतुसंसर्ग होण्याचं किंवा त्यातून मृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. हेही तितक्याच स्पष्टपणे छापलं गेलं. “उपयोग झाला नाही” हा निकालही कामाचा असतो, नाहीतर तेच औषध बाळाच्या नावावर वर्षानुवर्षं खपत राहतं.

एक मर्यादा पक्की आहे : ज्या आजारावर चालणारं औषध आधीच आहे, तिथे ते बंद करून कुणाला खोट्या गोळीवर ठेवता येत नाही.

९. अभ्यासातल्या औषधाने काही झालं तर कोण बघणार?

अभ्यास करणाऱ्यांनीच बघायचं. औषधचाचणीत भाग घेतल्यामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई, अशी तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. त्रास झाल्यास संमतीपत्रावरच्या क्रमांकाला फोन करा, आणि जवळच्या दवाखान्यात गेलात तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच वर म्हटलं, चुलीत घालू नका.

१०. मुलीच्या सिकलसेल तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ आलं. आता तिचं लग्न कसं होणार?

आधी बसा आणि पाणी प्या. गावात होते ती पहिली तपासणी ‘पॉझिटिव्ह’ येणं म्हणजे आजार असणं नव्हे. थोडं रक्त एका द्रावणात मिसळतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह; द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण गढूळ दोघांचंही होतं : वाहकाचंही आणि रुग्णाचंही. कोण कोणता हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीतच कळतं. तो कागद हातात येईपर्यंत सोयऱ्यांना फोन लावू नका.

एएस म्हणजे वाहक. आई-वडिलांपैकी एकाकडून सिकलचा गुण आला, दुसऱ्याकडून चांगला. असा माणूस शेती करतो, पोलीस भरतीला पळतो, म्हातारा होतो; त्याला औषध लागत नाही. एसएस म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडं ठणकतात, रक्त कमी राहतं. त्याला नियमित उपचार हवेत. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, वेळेवर लसी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया.

आता लग्न. एएस मुलीने एए, म्हणजे सिकलचा गुण नसलेल्या, मुलाशी लग्न केलं तर त्यांच्या पोटी एसएस बाळ येत नाही. अडचण दोघंही एएस असतील तिथे. हे आम्ही चिंचोक्यांनी दाखवतो. दोन वाट्या घ्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक अख्खा काळा चिंचोका आणि एक फोडलेला पांढरा. डोळे मिटून दोन्हींतून एकेक उचला. दोन्ही पांढरे म्हणजे एसएस : चारात एक. एक काळा, एक पांढरा म्हणजे एएस : चारात दोन. दोन्ही काळे : चारात एक. मग चिंचोके परत वाटीत टाकायचे, कारण पुढच्या बाळंतपणाला खेळ पहिल्यापासून सुरू होतो. “एक लेकरू एसएस झालं, आता पुढची तीन सुटली” हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो आम्ही शिकल्यासवरल्या घरांतही ऐकला आहे.

“हा अमक्या जातीचा रोग” असंही कानावर येतं. सिकलचा एक गुण असलेल्या लेकराला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आपला पूर्व विदर्भ तशीच पट्टी. रक्ताला जातीचा दाखला वाचता येत नाही.

११. दोघंही एएस, लग्न होऊन गेलं. आता काय?

संसार करा. गरोदर राहिल्याचं कळताच, पहिल्या तीन महिन्यांच्या आतच, मोठ्या रुग्णालयात समुपदेशनाला जा. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळ एसएस आहे का हे बघता येतं. पाचव्या महिन्यात ओटीभरणाच्या वेळी विचारायला आलात तर या तपासणीला उशीर झालेला असतो. तपासणी करायची की नाही आणि पुढे काय करायचं, हा निर्णय नवरा-बायकोचा. तो आमचाही नाही आणि मोठ्या काकांचाही नाही.

१२. एकदा निगेटिव्ह आलं होतं, तरी पुन्हा तपासायला का सांगता?

सगळ्यांना सांगत नाही. तीन प्रकारच्या लोकांना सांगतो. सहा महिन्यांच्या आत तपासलेलं बाळ : त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं, त्यामुळे गढूळपणाची तपासणी चकते. नुकतंच रक्त चढवलेला माणूस : तपासणीत दात्याचंही रक्त मोजलं जातं. आणि रक्त फारच कमी असलेला. यांचा पहिला कागद धरून बसू नका. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. तुमच्या उपकेंद्रात विचारा.

१३. मागच्या साली रक्त नेलं. कागद आणलाच नाही.

भिवापूरकडच्या एका गावात एका बाईने दारातच हे ऐकवलं, आणि ती खरं बोलत होती. अहवाल तयार होते. ते आमच्या कपाटात होते. ज्याने पोहोचवायचे तो कार्यकर्ता नोकरी सोडून गेला आणि आठ महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या गठ्ठ्यात तिच्या मुलाचा एसएसचा अहवाल होता. मधल्या काळात तो दोनदा दुखण्याने दवाखान्यात भरती झाला आणि दोन्ही वेळा “वात” म्हणून सोडला गेला. आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, “माफी ठेवा, आधी कागद द्या.”

तेव्हापासून जुने अहवाल वाटून झाल्याशिवाय नव्या सुया खरेदी करत नाही. अहवाल ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात आणि तोंडी समजावून दिला जातो. आशाताईंना तो तुमच्या परवानगीशिवाय दाखवत नाही. त्या चांगल्याच असतात, पण त्या तुमच्या शेजारीणही असतात.

१४. खर्रा वाईट हे सगळ्यांनाच माहीत. मग तेच तेच काय सांगता?

बरोबर आहे, म्हणून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, वाईट हे सांगणं बंद केलं. सडलेल्या जबड्यांचे फोटो दाखवले तर पोरं हसून पान उलटायची. आता पानठेल्यासमोर उभं राहून एवढंच म्हणतो : आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा. ज्याची दोनच जातात तो गप्प होतो. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा दोरीसारखी ताठ होत जाते, तिखट झोंबतं, मग जबडा उघडेना होतो, आणि पुढे त्यातल्या काहींना कर्करोग होतो. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोग करते. सोडल्याने वाढ थांबू शकते, पण आलेला ताठपणा पूर्ण जाईलच असं नाही. दोन बोटंवाल्यांनी सरकारी दंत महाविद्यालयात दाखवावं.

१५. विषय नेहमी तुम्हीच ठरवता. आम्ही सांगितला तर चालते का?

चालतं, आणि चालायलाच पाहिजे. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांची देठं खुडतात त्या जागी, आम्ही रक्तक्षयाचे फॉर्म घेऊन गेलो होतो. देठं खुडणाऱ्या बायका म्हणाल्या, रक्ताचं मग पाहू, रात्री हातांची आग होते त्याचं आधी पाहा. हात पाण्याने धुऊन आग का जात नाही? कारण तिखटपणा ज्याने येतो ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. एक म्हातारी म्हणाली, “म्हणूनच त मी आधी तेल चोळतो, मंग साबण.” आमच्या वहीत हे नव्हतं. त्यानंतर प्रश्नावलीत खोकला, डोळे, हातमोजे आणि लेकराला पाजण्याआधी हात कसे धुता, असे प्रश्न आले. सगळे त्यांनीच सांगितलेले.

तुमच्याकडे असा विषय असेल तर गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत मांडा आणि आम्हाला बोलवा. प्रत्येक विषयाचा अभ्यास होत नाही. काहींना अभ्यासाची गरजच नसते, नळ दुरुस्त केला की भागतं.

१६. अभ्यास छापून आला तर गावाची बदनामी नाही का होणार?

होऊ शकते. “अमुक गावात एवढे सिकलसेलवाले” असं छापलं तर त्या गावच्या सगळ्याच मुलींच्या सोयरिकी अडतात, निगेटिव्ह असलेल्यांच्याही. म्हणून गावाला क्रमांक देतो, नाव फार तर तालुक्याचं. निष्कर्ष बाहेर जाण्याआधी गावात वाचून दाखवतो. रामटेककडच्या पाड्यांवर गोंडी बोलणाऱ्या माणसाला सोबत घेऊन. फोटोसाठी वेगळी परवानगी. लोकांनी मागणी केल्यावर एक वाक्य बदललंही आहे. आकडा मात्र बदलला नाही आणि बदलणार नाही.

१७. व्हॉट्सअॅपवर “संशोधनात सिद्ध झालं” म्हणून येतं. खरं कसं ओळखायचं?

तीन गोष्टी विचारा. किती लोकांवर? कशाशी तुलना करून? सांगणारा तेच विकतो का? “सिकलसेल मुळापासून बरा करणारा काढा” असा मेसेज सहसा तिसऱ्या प्रश्नालाच गळतो. भारतात होणाऱ्या औषधचाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सुरू होण्याआधीच करावी लागते. जून २००९ पासून तसं बंधन आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सांगा, पाच मिनिटांत शोधून देईल. आमचाही क्रमांक तिला शोधायला लावा.

१८. पुन्हा कधी येणार?

पोळा आणि तान्हा पोळा होऊ द्या. धान निसवायच्या आधी, सप्टेंबरअखेर. आल्यावर पहिल्या घरी मागचे अहवाल वाटायला बसू. ज्यांना मिळाले नसतील त्यांनी ओरडायला संकोच करू नये, भिवापूरकडच्या बाईसारखं दारातच ओरडलं तरी चालेल.